चपला काढल्यावर बोलणारा पूल

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी निवृत्त गँगमन सखारामने उजव्या हाताने डावा हात उचलून पुलाच्या कठड्याला लावला आणि तो रडला.

चिकलठाण्यापुढच्या नाल्यावरचा हा निजामाच्या वेळचा, छोट्या लाइनचा पूल. बडी लाइन आली तेव्हा शेजारी नवा पूल झाला आणि जुन्याचे रूळ उखडून नेले. लाकडी स्लीपर आणि त्यांवरचा लांबलचक लोखंडी कठडा तेवढा राहिला. त्या कठड्यात देवी आल्याला महिना झाला होता. पिशोरकडून जीपा भरून येत होत्या.

"पाय धुवा, चपला काढा, बोट लावा," कडुबा महाराज रांगेला सांगत होते. "माय मुंग्या होऊन अंगात शिरती. मुंग्या आल्या, रोग निघाला. नाय आल्या तर श्रद्धा कच्ची, नारळ घेऊन पुन्हा या. आन् गोळ्या बंद. माय आन् गोळी एका पोटात नांदत नाय."

सखारामची मुलगी करुणा मागं उभी होती. ती आयटीआयमध्ये वायरमनचा वर्ग शिकवायची. सहा महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन बापाचा डावा हात लुळा पडला होता. दुसरा आला तर वाचणं कठीण, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तो पुलावर यायला लागल्यापासून बारा दिवस रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट जसंच्या तसं होतं.

"आबा, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ तुम्हाला. देवी कधीपासून मानायला लागले?"

"देवीला कोन मानतंय? मी पूल मानतो. पंधरा वर्षं हातोडा मारला ह्याच्यावर. आज हात जाणवला मला."

"तो करंट आहे."

"करंट?" म्हातारा हसला. "छोट्या लाइनला कोळशाचं इंजिन व्हतं. ह्या पुलावर कधी वायरच नव्हती. करंट काय तुझा मामा आणून देतोय?"

करुणाने शेजारच्या पुलाकडं बोट केलं. तिथं दोन वर्षांपूर्वी पंचवीस हजार व्होल्टची तार आली होती.

"ती न शिवताही जवळच्या लांब लोखंडात करंट उतरतो. कठडा सुक्या लाकडावर बसलाय, त्याला जमिनीत जायला वाट नाही. ती वाट तुमचे ओले पाय देतात."

ती रबरी चपला घालूनच पुढं झाली.

"ताई, चपला," महाराज म्हणाले.

"चपलेचं भ्याव मायला का तुम्हाला, महाराज?" रांगेतल्या मुक्ताबाईनं विचारलं. लोक हसले.

करुणाने बोट लावलं. मुंगी आली नाही. टेस्टर लावला, तर त्यातला दिवा मिणमिणला. मग तिने ओल्या मातीत सळई ठोकली, तिला तार बांधली आणि तारेचं दुसरं टोक कठड्याला आवळलं. मुक्ताबाईनं ओल्या अनवाणी पायांनी बोट लावलं.

"गेली की गं माय," ती म्हणाली.

महाराज कठड्यावरची झेंडूची माळ सावरायला धावले. माळेखालून लोखंडी पट्टीचं चकचकीत टोक निघालं. रेल्वेने याच कामासाठी जमिनीत सोडलेली पट्टी कुणीतरी करवतीनं कापली होती.

"मुंग्या खऱ्या आहेत," करुणा म्हणाली. "त्यांचा लावलेला अर्थ खोटा. अंगाला कळलं ते नाकारू नका, पण ते का झालं, एवढं विचारा. आणि गोळी बंद करा म्हणणाऱ्याचं काहीच ऐकू नका."

घरी येईपर्यंत सखाराम डावा हात उजव्या हाताने चोळत होता.

बुधवारी सळईची तार कापलेली सापडली. रांग निम्मी झाली होती, पण होती. करुणाने तार पुन्हा बांधली.

गुरुवारी सकाळी साडेसहाला ती उठली तेव्हा पाकिटातली एक गोळी कमी होती. दारात आबांच्या चपला नव्हत्या आणि तिच्या पिशवीत पक्कड नव्हती. ते तार राखायला गेले की कापायला, हे कळेना; ती पुलाकडं निघाली.