सहाची मुंबई

निजामाच्या राज्यात आमच्या खटकचिंचोळीला वीज नव्हती, तरी मी बॅटरीवरचा रेडिओ आणला. लोकांनी वेड्यात काढलं. "बायको गेली तसा उद्धवराव खोक्याशी बोलायलाय," म्हणाले. खोटं नव्हतं. दिवस दुकानात जायचा, संध्याकाळी घर खायला उठायचं.

श्रावणात बाणूबाई आली. धनगराची विधवा, एकुलता एक तुळजाराम चार वर्षांपूर्वी मुंबईला गेलेला, तो परत फिरकला नाही. त्याचं कार्ड मीच वाचून दाखवलं: रोज संध्याकाळी सहाला मुंबई रेडिओवर, गावकऱ्यांच्या कार्यक्रमात, तो अर्धा तास बोलतो.

सहाला मुंबई लावली. नुसती खरखर. हैदराबाद मात्र खणखणीत.

"कामून बोलंना त्यो?"

"बोलायलाय, अक्का. पण ऊन हाय तवर मुंबईचा आवाज वरच्या वर जिरतोय. दिवस बुडला की आभाळावर आपटून खाली येतोय, मग लांब पोचतोय." बीदरच्या रेडिओवाल्याचं ज्ञान मी ऐटीत पाजळलं.

"म्हंजी दिवसच आडवा येतोय म्हना की," ती म्हणाली आणि तिनं मावळतीकडे असं बघितलं, की सूर्यानंही मान खाली घालावी.

तरी ती रोज यायची. उंबऱ्याशी बसून खरखर ऐकायची. दसऱ्यानंतर दिवस आखडला आणि एका संध्याकाळी, कार्यक्रम संपता संपता, खरखरीतून शब्द आले, "...राम राम मंडळी."

बाई ताडकन उठली. "सर्दी झालीया त्याला!"

मला तर शब्दही धड कळले नव्हते.

दिवाळीनंतर अर्धा कार्यक्रम ऐकू येऊ लागला, मार्गशीर्षात जवळजवळ सगळा. तो खताविषयी बोलायचा, ही विचारायची, "जेवलास का बाबा?" मी चहाला दोन कप काढू लागलो. खरं सांगतो, त्या दिवसांत मला संध्याकाळची भीती वाटली नाही.

संक्रांतीला ती आली तेव्हा बाहेर अजून उजेड होता. सुरुवातीची दहा मिनिटं खरखरीतच गेली. मी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि सवयीनं बोलून गेलो, "घे अक्का. आता दिवस तिळातिळानं वाढणार."

तिनं हाताकडे बघितलं आणि तिळगूळ परत माझ्या डब्यात टाकला.

"नगं, अण्णा. येक येक तिळानं माझं पोरगं लांब जायलंय."

मीही तो खाल्ला नाही. होळीपर्यंत सहाची मुंबई पुरती बुडणार होती, आणि मग बाणूबाईला माझ्या उंबऱ्याशी यायचं काही कारण उरणार नव्हतं.