स्वेटरांमागचे निरोप

घर्र… घर्र. दुपारच्या शांततेत कपाटातून आवाज आला आणि मांडीवरच्या धाकट्यानं झोपेतच भुवया हलवल्या. तिनं श्वास रोखला. कपाट नवऱ्याचं, आणि त्याचा फोन तर त्याच्याबरोबर कामावर गेलेला.

बाळाला गादीवर ठेवून तिनं स्वेटरांच्या चळतीमागे हात घातला. जुना फोन! 'बिघडला, देऊन टाकला,' असं त्यानंच सांगितलेलं. मागच्या फटीतून वायर ओढून चार्जिंगलाही लावलेला. म्हणजे बेत चांगलाच शिजवला होता. बाळंतपणापासून तिला आरशात बघायला सवड नव्हती. ह्याला मात्र कोणाकडे बघायला सवड मिळाली होती, कोण जाणे! घरी आल्या आल्या तो आधी याच खोलीत का शिरायचा, तेही आता लख्ख दिसायला लागलं.

तिनं निरोप उघडले. एकशे बारा. पहिला दोन महिन्यांपूर्वीचा: 'डिस्क क्रमांक २ बंद पडली आहे.'

हसावं की रडावं कळेना. हा तर तिनंच उभारलेला सर्व्हर! नवरा ज्या तपासणी केंद्रात रुग्णांचे एक्स-रे काढायचं काम करायचा, तिथला. सातव्या महिन्यात, पोट सावरत जमिनीवर बसून तिनं त्यात चार डिस्क एकत्र बांधल्या होत्या. दोन गेल्या तरी माहिती टिकावी. तिसरी गेली, तर मात्र रुग्णांच्या गेल्या सात वर्षांतल्या सगळ्या फोटोंवर पाणी. काही बिघडलं की तिच्या फोनवर निरोप यावा, ही सोयही तिचीच. बाळ झाल्यावर निरोप थांबले. "तुझं काम एकदम ठणठणीत," असं तो सांगायचा.

ती खाली सरकत गेली. पाच आठवड्यांपूर्वी: 'डिस्क क्रमांक १ बंद पडली आहे.'

तिनं नवऱ्याला फोन लावला. धाकटा जागा झालेला, म्हणून फोन स्पीकरवर टाकून ती त्याला थोपटत राहिली.

"एक नंबरला काय केलंस?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तुझ्या स्वेटरांनी."

"अगं, फोनचं जरा टिंग झालं की तू दचकून उठायचीस. डॉक्टर म्हणाले, झोपू द्या हिला. म्हणून सर्व्हरचे निरोप जुन्या फोनवर वळवले. शपथ."

"एक नंबरचं विचारतेय मी."

"दोन नंबर बदलायला गेलो. वरून दुसरी काढली…"

"अरे शहाण्या, मोजणी शून्यापासून असते! दोन नंबर म्हणजे वरून तिसरी. चांगली डिस्क उपटलीस तू!"

"लगेच परत घातली गं. पण तिचाही दिवा लाल झाला. मग हातच लावला नाही."

"पाच आठवडे?"

"सांगणार होतो. रोज सांगणार होतो." त्याचा आवाज चिरकला.

झोपेसाठी निरोप वळवले, हे तिला पटलं. पण हे पाच आठवडे तो तिच्या डोळ्यांत बघून 'ठणठणीत' म्हणाला होता, तेही अगदी पूर्वीसारखंच, सहज. आता घरात आणखी काय काय ठणठणीत होतं?

"काही बंद करू नकोस, काही काढू नकोस, त्याच्या शेजारी शिंकूसुद्धा नकोस. मी येते. आधी सगळ्याची प्रत काढू, मग डिस्क बदलू."

फोन ठेवला तर चार वर्षांची थोरली उशी कवटाळून दारात उभी.

"बाबा रडत होता?"

"नाही गं राणी. चप्पल घाल, जायचंय आपल्याला."

थोरलीनं एक चप्पल घातली. दुसरी हातात धरून ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आई, बाबा तुला घाबरतो?"