सात नंबरच्या घराची मालकीण

धक्क्यावरची तिकीट खिडकी उघडायच्या आधीच सुएनोआजी आपली ढकलगाडी पुढे करून रांगेत पहिली उभी होती. खिडकीत तामेकिची बसायचा. दोघं एका बाकावर शिकलेले, त्यामुळे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही एकमेकांना चिमटे काढल्याशिवाय दोघांनाही चहा गोड लागत नसे.

"सकाळी सकाळी कुठं? शहराची बोट साडेनऊला आहे."

"बोट नको. कलेच्या सहलीचं तिकीट दे. एक."

तामेकिचीने चष्मा कपाळावर चढवला. "डोकं फिरलं का तुझं? याच बेटावर जन्मलीस, इथंच नांदलीस. तुला कोण काय दाखवणार?"

"माझं घर दाखवणार आहेत. सात नंबर. दुपारी चार वाजता."

तामेकिची तिकिटाच्या गठ्ठ्याशी चाळा करत म्हणाला, "बेटावरच्यांना अर्धं तिकीट असतं."

"पूर्ण दे. उद्या कुणी म्हणायला नको, म्हातारीची दया येऊन आत घेतली."

"आणि गाडीत काय बांधून आणलंयस?"

"विणकाम."

"तुझ्या विणकामाला पाइनच्या राळेचा वास येतोय, सुएनो."

"तुझं नाक म्हातारं झालंय."

तामेकिचीने तिकीट फाडून दिलं आणि मागची खिडकी उघडून उगाचच समुद्राकडे बघत बसला. ऑगस्टची तेरा तारीख होती. आज संध्याकाळी नागिजिमा बेटावरच्या प्रत्येक दारात राळेनं भरलेल्या पाइनच्या काटक्या पेटणार होत्या, आणि त्या उजेडात गेलेली माणसं तीन दिवसांसाठी आपापल्या घरी येणार होती. आपापल्या, हे महत्त्वाचं.

तीन वर्षांपूर्वी आजीचं खुब्याचं हाड मोडलं. आठ महिने ती शहराच्या इस्पितळात होती. म्हातारी आता परत येत नाही, असं सगळे धरून चालले. ओसाकातल्या मुलानं तर कागदावर शिक्काही मारून दिला, पंधरा वर्षं घर कलेच्या लोकांना वापरायला. म्हातारी परत आली तेव्हा तिच्या घरात कलाकृती झाली होती. तेव्हापासून ती धाकट्या जावेच्या मागच्या खोलीत राहत होती, आणि दोन वर्षं दारातला विस्तवही जावेच्याच दारात पेटवत होती.

पण तिचा गेलेला नवरा, यासाकु, आला नव्हता. आजीला हे पक्कं ठाऊक होतं. एरवी तो आला की देवघरातल्या ताटातल्या भाताची चव उडायची, घरात खारट वारा फिरायचा. दोन वर्षं काही नाही. आणि येणार तरी कसा? जाळं टाकायच्या जागेवरून सख्ख्या धाकट्या भावाशी भांडला, तो चाळीस वर्षं त्या घराची पायरी चढला नाही. जिवंतपणी जो तिथं पाण्याच्या घोटाला शिवला नाही, तो मेल्यावर तिथं जेवायला येईल? दोन वर्षं बिचारा बंदरावर ताटकळून परत गेला असणार.

महिन्यापूर्वी आजी सात नंबरच्या दारात विस्तव पेटवू द्या म्हणून कलेच्या ऑफिसात जाऊन आली होती. तिथले कुराहाशीसाहेब तीन वेळा कमरेत वाकले आणि नाही म्हणाले. कलाकृतीजवळ आग चालत नाही. हवं तर दारात विजेची मेणबत्ती ठेवू, अगदी खऱ्यासारखी लुकलुकते.

"विजेच्या दिव्यावर यायला माझा नवरा काय पाकोळी आहे?" असं म्हणून आजी उठली होती. विचारून मिळत नाही म्हटल्यावर तिनं विचारणं सोडलं.

सहलीला नऊ जण होते, आजी दहावी. पुढे पिवळा झेंडा घेऊन मिझुहो. सहा वर्षांपूर्वी ही पोरगी ओसाका सोडून बेटावर राहायला आली, तेव्हा ऑक्टोपस वाळवायला तिला आजीनंच शिकवलं होतं. आजीला रांगेत बघून तिनं झेंडा खाली घेतला.

"आजी, तुम्ही?" ती जवळ येऊन कुजबुजली. "सात नंबरवर विस्तव नको म्हणून ऑफिसनं मला बजावून ठेवलंय."

"मला काही बजावलेलं नाही. हे तिकीट. चल, उशीर होतोय."

किनाऱ्यावर एक मोठं नारिंगी लोखंडी कडं उभं होतं. मिझुहो सांगू लागली की यातून समुद्र नव्यानं दिसतो. आजीनं वाकून पाहिलं, जुनाच होता. बंद पडलेल्या शाळेत भिंतभर आरसे लावले होते. तोक्योहून आलेले एक दाढीवाले गृहस्थ म्हणाले, "काय शांतता आहे इथं!" आजी म्हणाली, "एकशे चाळीस पोरं होती. गोंगाटानं कान किटायचे. शांतता तुमच्या आरशांनी नाही आणली, शहरातल्या नोकऱ्यांनी आणली." दाढीवाल्यांनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

दुपारी सगळ्यांना ऑक्टोपसच्या भाताचे डबे मिळाले. आजीनं आपला डबा उघडला, वास घेतला, मीठ कमी आहे म्हणून तोंड वाकडं केलं आणि न खाता पुन्हा बांधून गाडीत ठेवला.

चढ चढून सात नंबरला पोहोचायला सव्वाचार झाले. दारावर यासाकुच्या नावाची पाटी होती तिथं आता निळा सात होता. कलाकृतीचं नाव होतं 'नसलेल्यांचं घर'. मिझुहोनं कागद काढला. तिचा आवाज नेहमीपेक्षा बारीक येत होता.

"हे घर एका कोळी कुटुंबाचं. घरातलं शेवटचं माणूस निघून गेल्यावर..."

"कुठं गेलं?" आजी म्हणाली. "हाड मोडलं होतं. बसलं. आले."

नऊही माणसं वळली. मिझुहोनं कागदाची घडी केली, उलगडली आणि पुन्हा घडी केली. "आत या," एवढंच ती म्हणाली.

आत आजीचे सगळे वाडगे छताला दोऱ्यांनी टांगले होते. ती लग्नात घेऊन आलेले निळ्या काठाचे सुद्धा. लोक वाडग्यांखालून मान खाली घालून फिरत होते. समोरच्या भिंतीवर, वरून बारीकसा उजेड पाडून, एक सोनेरी काठी आडवी लावली होती.

"हे क्षितिज आहे," मिझुहो म्हणाली. "कलाकाराला हे घरातच सापडलं."

"ते दाराचं टेकण आहे," आजी म्हणाली. "सरकतं दार आतून अडवायचं. वादळात हेच लावायचो. चांगला सोन्याचा मुलामा दिलाय की." ती पुढे झाली आणि खुंटीवरून काठी काढून घेतली. कुणाला तरी हसू आलं. मिझुहोनं हात पुढे केला, पण तो मध्येच थांबला.

काठी गाडीला टेकवून आजी दारात आली. गाडीतून तिनं मातीचं तसराळं काढलं, काटक्या रचल्या. मग कापडात गुंडाळलेली यासाकुच्या नावाची लाकडी पाटी काढून निळ्या सातावर टांगली. खिळा तोच होता, पाटी बरोबर बसली.

"आजी," मिझुहो रडकुंडीला आली. "माझी नोकरी जाईल हो."

"मग तू तिकडं बघ. काटक्या मी पेटवतेय, तू नाही."

मिझुहो झेंडा भिंतीला टेकवून मागच्या नळाकडे गेली आणि पाण्यानं भरलेली बादली आणून तसराळ्याच्या शेजारी ठेवली. "वारा आहे," ती म्हणाली. "बादली नको का?"

काड्यापेटीच्या दुसऱ्या काडीनं पेट घेतला. राळ तडतडली आणि काळा, दाट, ओळखीच्या वासाचा धूर उठला. लगेच मिझुहोचा फोन वाजला. कुराहाशीसाहेबांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. खालून धूर दिसतोय म्हणे, सात नंबरवर काय चाललंय?

"काही नाही साहेब," मिझुहो म्हणाली. "घरमालकीण घरी आल्यात." आणि तिनं फोन बंद करून खिशात टाकला.

दाढीवाल्यांनी टाळी वाजवली. बाकीच्यांनीही वाजवली, दोघांनी फोटो काढले. हा शेवटचा प्रयोग फार जिवंत आहे, असं एक बाई म्हणाली.

आजीचा पारा चढला. "टाळ्या कसल्या वाजवताय? तुमच्या घरचे मेलेले आले की टाळ्या वाजवता? आणि सगळे दारातच खांबासारखे उभे! बाजूला व्हा. तो दोन वर्षं बाहेर उभा आहे, अजून किती वेळ उभा करणार?"

टाळ्या जागच्या जागी थांबल्या. आधी दाढीवाले सरकले. त्यांनी टोपी काढली. मग सगळे पायवाटेच्या दोन्ही कडांना झाले. मधून समुद्रापासून दारापर्यंत वाट मोकळी झाली. काही जणांनी हात जोडले, कारण प्रत्येकाच्या घरी आज कुणी ना कुणी येणार होतं आणि ते सहलीला आले होते.

समुद्राकडून वारा आला. धूर वाकला आणि दारातून आत गेला. आतले वाडगे एकमेकांवर किणकिणले.

"आलात?" आजी म्हणाली. "या. यंदा जरा लवकर बोलावलं, काय करणार, हे लोक पाचला कुलूप लावतात."

तिनं डबा आणि काठी उचलली, पायातले जोडे काढून दाराच्या आत नीट लावून ठेवले, आणि आत जाऊन दार सरकवलं. आतून काठी टेकवल्याचा आवाज आला.

"आजी!" मिझुहो दाराशी आली. "पाचला कुलूप लावायचंय हो मला!"

"लाव की. बाहेरून."

"आणि उद्याची सहल?"

"सोळा तारखेपर्यंत घर बंद. घरात माणूस आहे."

मिझुहोनं दारावरची 'खुलं आहे' ही पाटी उलटी केली आणि झेंडा उचलून लोकांना म्हणाली, "चला, आठ नंबर."

आत दोऱ्यांवर कात्री चालली. आधी निळ्या काठाचा एक वाडगा खाली आला. मग दुसरा.