ताट धरणारा

शेळगावच्या झुंबरतात्यांना निसर्गाचं फार वेड. हे आम्ही म्हणत नाही, त्यांच्या फाटकाजवळची पितळी पाटी म्हणते. 'वसुंधरामित्र झुंबरराव' अशी अक्षरं तिच्यावर कोरलेली आहेत आणि ती जुन्या कडुनिंबाच्या खोडात चार लांब खिळे मारून बसवलेली आहे. कडुनिंबाला कुणी विचारलं नव्हतं.

हा किताब तात्यांना दोन वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका मंडळानं दिला. कार्यक्रम खंडोबाच्या देवळापुढच्या वडाखाली ठरला. अडचण एवढीच, की त्या वडाला आग्या माशांची सात मोहोळं लटकत होती. व्यासपीठावर दीपप्रज्वलन होणार, धूर होणार, माशा उठणार आणि पाहुण्यांचे गाल सुजणार, हे तात्यांनी आधीच ओळखलं. दूरदृष्टीच्या माणसाला असलं लगेच दिसतं. आदल्या दिवशी त्यांनी दोन गडी वडावर चढवले आणि टेंभे लावून सातही मोहोळं जाळून टाकली. सकाळी झाडताना दोन घमेली माशा निघाल्या. मग त्याच झाडाखाली, जळक्या मेणाच्या वासात, शाल पांघरून तात्या चाळीस मिनिटं निसर्गप्रेमावर बोलले. 'जीवो जीवस्य जीवनम्' हे तर त्यांनी तीनदा म्हटलं. अर्थ कुणी विचारला नाही, हे बरं झालं.

तात्यांची डाळिंबाची बाग पाच एकर, झाडं पंधराशे. प्रत्येक रोप त्यांनी स्वतःच्या हातानं लावलेलं, आणि बागेवर त्यांचा जीव होता ही गोष्ट मात्र खरी. पण त्या सन्मानानंतर बागेला काय झालं कुणास ठाऊक. बहार यायचा, झाडं लालभडक व्हायची आणि पंधरा दिवसांत फुलांचा सडा खाली पडायचा. फळ धरेना. एक बहार गेला, दुसरा गेला. तात्यांनी खत बदललं, पाण्याची तपासणी केली, बांधावर काळी बाहुली टांगली. शेजारच्या गेणबाची नजर लागते म्हणून त्याच्याशी बोलणंसुद्धा टाकलं. उपाय म्हणून काही करायचं त्यांनी शिल्लक ठेवलं नाही. फक्त वडाकडे तेवढं वर बघितलं नाही.

शेवटी पोरगा दिग्विजय म्हणाला, "तात्या, या बहाराला सेटिंग झालं न्हाय, फळ धरलं न्हाय तर मी जेसीबी लावून बाग काढतो. ऊस टाकू. निवांत."

"ऊस म्हंजी आळशाचं पीक, पाणी सोडायचं अन् झोपायचं," असं तात्यांनी जन्मभर चारचौघांत सांगितलं होतं. आता त्याच चारचौघांसमोर स्वतःच्या रानात ऊस उभा करायचा? आणि त्याहीपेक्षा, हातानं लावलेल्या झाडांवर जेसीबीचा दात पडताना बघायचा, ह्या विचारानंच त्यांची झोप उडाली.

कुणीतरी लोणी भापकर गावच्या करुणाचं नाव सुचवलं. कृषी पदवी घेतलेली तिशीतली बाई, मधमाश्यांच्या पेट्या सांभाळायची आणि फुलोऱ्याच्या दिवसांत बागांमध्ये ठेवायची. ती आली, अर्धा तास बागेत हिंडली, फुलं उलटी करून बघितली आणि ओट्यावर येऊन बसली.

"तात्या, फुलं चिक्कार हायत. माशी कुठंय?"

"कसली माशी?"

"मधमाशी. फुलाफुलाला ती फिरल्याबिगर फळ कसं धरंल?"

तात्यांनी आभाळाकडे पाहिलं, जणू माशा पाठवायचं खातं तिकडं होतं. आतून त्यांची ऐंशी वर्षांची आई, धोंडाबाई, तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "जाळल्या की त्यानं. सन्मान व्हता त्याचा."

तेवढ्यात चहा आला. तात्यांना आणि दिग्विजयला कपबशीत, करुणाला कागदी कपात. करुणानं त्या कपाकडे पाहिलं, मग तात्यांकडे पाहिलं.

"प्लॅस्टिक आमच्यात वापरत न्हाईत," तात्या घाईघाईनं म्हणाले. "पर्यावरणासाठी हाय हे."

"मग तुमच्या हातात कपबशी कशी?" असं करुणानं विचारलं नाही. हा कागदी कप तिच्या आजोबांच्या वेळी करवंटी होता, हे तिला ठाऊक होतं आणि तात्यांनाही ठाऊक होतं. बौद्धवाड्यातली पोरगी शिकून तज्ज्ञ होऊन आली तर तात्या तिला 'करुणाताई' म्हणणार, सल्ला कान देऊन ऐकणार, पण कप कागदाचाच देणार. तिनं चहा तसाच ठेवला आणि कामाचं बोलली.

"वीस पेट्या ठेवते, वीस दिवस. पण एक हाय. चहूबाजूला किलोमीटरभर कुणीबी औषध मारायचं न्हाय. एकानं जरी फवारलं तरी माझ्या माशा संपल्या, अन् तुमचा बहारबी संपला."

"त्याची काळजी सोडा," तात्या म्हणाले. "ते माझ्याकडं लागलं."

आणि खरोखर, असल्या कामात तात्यांचा हात कुणी धरला नसता. रविवारी त्यांनी आजूबाजूचे बारा शेतकरी खंडोबाच्या देवळात गोळा केले, करुणालाही बोलावून घेतलं. कागदावर सह्या घेतल्या तर माणूस मोडतो, पण बेलभंडार उचलला की मोडत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. गुरवाकडून ताट मागून घेतलं. ताटात बेलाची पानं आणि हळदीचा ढीग. ते ताट दोन्ही हातांत धरून तात्या एकेकापुढे उभे राहिले. ज्या गेणबाशी वर्षभर बोलणं नव्हतं, त्याच्यापुढेसुद्धा उभे राहिले.

"माशी म्हंजी लक्ष्मी हाय, गेणबा. उचल."

गेणबानं उचलला. वीस गुंठ्यांत वांगी करणाऱ्या सारजानं उचलला. बाराच्या बारा जणांनी बेलभंडार उचलून सांगितलं, की वीस दिवस पंपाला हात लावणार नाही. तात्यांनी ताट करुणापुढेही नेलं.

"आमच्यात हे न्हाय, तात्या," ती म्हणाली. "निरोगी माशा आणीन हा माझा शब्द. तुमचे पंप बंद ऱ्हाऊ द्या, मला तेवढं पुरं."

बाराही जणांच्या बोटांना हळद लागली होती. तात्यांनी ताट गुरवाला परत दिलं आणि हात झटकले. त्यांच्या बोटांना काहीच लागलेलं नव्हतं.

पेट्या आल्या. दुसऱ्याच दिवशी बाग घुमू लागली. तात्या सकाळी उठून नुसते झाडांमध्ये उभे राहायचे. एवढा आनंद त्यांना शाल घेतानाही झाला नव्हता. पाचव्या दिवशी फुलांच्या बुडाशी हिरवट फुगवटा दिसायला लागला. तात्यांनी दिग्विजयला हाताला धरून नेलं आणि दाखवलं. "बघ. काढतोय बाग! ऊस लावतोय!"

आठव्या दिवशी फुलांत थ्रिप्स दिसले. बारीक, पिवळे, दोऱ्याच्या तुकड्याएवढे किडे. करुणा फोनवर म्हणाली, "थोडे हायत, घाबरू नका. निळे चिकट सापळे लावा. बारा दिवस कळ काढा."

कळ काढणं हे शेतकऱ्याचं काम, बागायतदाराचं नव्हे. तात्या बारामतीला गेले. तिथल्या दुकानदारानं बाटली काढून दिली. "फुलाला धक्का न्हाय, किडा जाग्यावर," तो म्हणाला. तात्यांनी बाटली मागच्या सीटवर ठेवून वर टॉवेल टाकला. आता टॉवेल कशाला टाकला, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. वाटेत त्यांनी मनाशी सगळा हिशोब जुळवला. बाग आपली, किडा आपल्या बागेतला. शपथ घेतली ती शेजाऱ्यांनी, त्यांनी आपल्या माशांना मारू नये म्हणून. आपण तर भंडारा उचललेलाच नाही. ताट धरणाऱ्याला कुठं शपथ लागते? वाढपी जेवला असं कुणी म्हणतं का? शिवाय पहाटे मारलं तर उन्हापर्यंत वाळून जाईल, आणि दोनच टाक्या तर मारायच्या.

पहाटे दिग्विजय उठायच्या आत तात्यांनी स्वतः ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडला आणि दोन टाक्या मारल्या. सूर्य वर आला, माशा बाहेर पडल्या आणि ओल्या फुलांवर जाऊन बसल्या.

दहा वाजता बाग गप्प झाली. पेट्यांच्या तोंडाशी माशांचा काळा थर पडला होता. काही अजून गरगर फिरत होत्या, काहींच्या जिभा बाहेर आल्या होत्या. तात्या तिथं उकिडवे बसले. त्यांना खरोखर रडू फुटलं. मग डोळे पुसून ते उठले आणि त्यांनी सगळ्यात आधी ब्लोअर धुऊन ठेवला. त्यानंतर बांधावर उभं राहून आरोळी ठोकली, "घात केला रं! कुणीतरी औषध मारलं!"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. दुपारी पुन्हा देवळात तेच बारा जण जमले. करुणाही लोणीहून आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. तात्यांनी पुन्हा ताट घेतलं. "ज्यानं मारलं न्हाय त्यानं पुन्यांदा उचलावा," ते गरजले. "खंडोबा बघतोय!"

गेणबानं उचलला. बाकीच्यांनी उचलला. सारजापुढे ताट आलं तेव्हा तिनं आधी पदराची गाठ सोडली. आत दोन वांगी होती, भोकंच भोकं पडलेली.

"अळीनं समदा प्लॉट खाल्ला, तात्या. दोन पाट्या उकिरड्यावर फेकल्या. पंप घरात व्हता, औषध घरात व्हतं. पर भंडारा उचललावता म्हून हात लावला न्हाय." आणि तिनं हळदीत बोटं घातली.

बारा जण झाले. तात्या ताट गुरवाकडे द्यायला वळले, तो काठी टेकत धोंडाबाई पुढे आली.

"झुंबर, ताट माज्याकडं दे."

"आई, तू दमशील."

"दे म्हणते न्हवं." तिनं काठी गेणबाच्या हातात दिली आणि दोन्ही हातांनी ताट घेतलं. "आता तू उचल."

"अगं, माझीच बाग हाय. मी कशाला..."

"मग उचल की."

तात्यांनी हात पुढे केला. हळदीपासून बोटभर अंतरावर तो थांबला आणि पुढे जाईना. आयुष्यात इतकी भाषणं ठोकलेल्या माणसाला खाली बघून बोलावं लागलं.

"थ्रिप्स पडलेवते."

"काय?" गुरवानं विचारलं. तो कानानं थोडा मंद होता.

"थ्रिप्स पडलेवते!" तात्यांना दुसऱ्यांदा ओरडून सांगावं लागलं.

कुंपणानंच शेत खाल्लं होतं. सारजानं ती दोन वांगी पुन्हा पदरात बांधली आणि ती निघून गेली.

"मला भंडाऱ्याचं काय कळत न्हाय, तात्या," करुणा म्हणाली. "पर माशीलाबी कळत न्हाय. तिला एवढंच कळतं, की औषध मारलंय."

संध्याकाळच्या आत तिनं टेम्पो भरला. वीस पेट्यांपैकी सतरा मुक्या होत्या. धोंडाबाई स्वतः कपबशीत चहा घेऊन आली. "आज नको, आजी," करुणा म्हणाली, पण तिनं म्हातारीच्या हाताला हात लावला. मग पिशवीतून रंगाचा एक बारीक ब्रश काढून तिनं तात्यांच्या हातात दिला.

"नर फुलातला पराग उचलायचा अन् मादी फुलात लावायचा. ऊन चढायच्या आत. एकेका फुलाला."

"समद्या बागेला? किती फुलं व्हत्याल ती?"

"ते माशांना ठावं व्हतं," करुणा म्हणाली आणि टेम्पोत बसली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच वसुंधरामित्र ब्रश घेऊन बागेत उतरले. नऊ वाजेपर्यंत दीड झाड झालं. पाठ मोडली, मान धरली, चष्म्यावर पराग बसला. समोर अजून चौदाशे अठ्ठ्याण्णव झाडं लालभडक उभी होती. बांधावरून दिग्विजय बघत होता. तो फोनमध्ये जेसीबीवाल्याचा नंबर शोधत होता.

तेवढ्यात तात्यांच्या नाकासमोरच्या फुलावर एक मधमाशी येऊन बसली. टेम्पोच्या वेळी बाहेर राहिलेली, एकटी. तिनं फुलात डोकं घातलं, अंगभर पिवळी झाली आणि शेजारच्या फुलावर गेली. जे करायला तात्यांना चष्मा, ब्रश आणि दहा मिनिटं लागत होती, ते तिनं ब्रश बुडवायच्या आत उरकलं. तात्यांनी ब्रश खाली घेतला. असं जवळून त्यांनी माशीला पहिल्यांदाच पाहिलं होतं.

आणि पलीकडून गेणबाचा ब्लोअर सुरू झाला.

"तात्या!" गेणबा ट्रॅक्टरवरून ओरडला. "पेट्या गेल्या न्हवं? मग आता शपथ सुटली! मारू ना औषध?"

वारा गेणबाच्या रानाकडून तात्यांच्या बागेकडे वाहत होता. तात्यांनी ओरडायला तोंड उघडलं. 'नको' एवढा एकच शब्द म्हणायचा होता, पण तो कोणत्या तोंडानं म्हणायचा ते त्यांना समजेना. औषधाचा उग्र वास बांध ओलांडून आला. तात्यांनी घाईघाईनं डोक्यावरची टोपी काढली, त्या एका फुलावर माशीसकट झाकली आणि टोपी दोन्ही हातांनी धरून ते तसेच उन्हात उभे राहिले.