चार नंबरची खोली, रात्री रिकामी

वरठी स्टेशनजवळच्या गोमाजी लॉजचा हिशेब सोपा होता: सहा खोल्या, सहा पलंग, बारा माणसं. कारखान्यात दोन पाळ्या. दिवसपाळीवाला सकाळी सहाला उठून जायचा, आठाच्या आत रात्रपाळीवाला येऊन त्याच पलंगावर पडायचा. पलंग कधी गार होत नसे. भिंतीवर दोन खुंट्या, दोन उशा. ज्याची त्यानं काढायची, ज्याची त्यानं टांगायची. चाव्याही दोन. दाराला आतून कडी नव्हती, कारण एकानं आतून कडी लावली तर दुसऱ्यानं शिरायचं कुठून?

माझं सायकल स्टँड बरोबर समोर. कोण किती वाजता गेलं, किती वाजता आलं, हे केशवरावांच्या रजिस्टरपेक्षा मला जास्त पाठ.

केशवराव म्हणजे मालक. त्यांना पाळीवाले नको झाले होते. त्यांना 'पाहुणे' हवे होते, नागपूरचे, चाकं लावलेल्या बॅगांचे. त्यासाठी त्यांनी वेबसाइट काढली होती. दिवाळीला भाची गुंजन आली आणि ती पाहून पोट धरून हसली.

"मामाजी, पयल्याच पानावर तुमचा फोटो! लोकं खोली पाहाले येतेत का तुमच्या मिशा?"

"मिशीनं भरोसा बसते मानसाचा."

"तीन वर्षांत बुकिंग किती आले?"

"एक."

"कोनाचं?"

आतून त्यांच्या बायको कुंताबाई म्हणाल्या, "त्यायचंच. चालते का नाई, पाहाले केलतं."

गुंजननं तीन दिवसांत सगळं बदललं. मिशा गेल्या. भिंती पिवळ्या झाल्या. उशा खुंट्यांवरून काढून पलंगाखाली सरकवल्या, आणि फोटोत शोभा यावी म्हणून चार नंबरच्या पलंगाला पांढरी मच्छरदाणी आणि चार लोखंडी दांडे आले. मग तिनं विचारलं, "रिकामी कोन्ती खोली दाखवू?"

केशवरावांनी रजिस्टर उघडलं. चार नंबरचा दिवसपाळीवाला महिन्यापूर्वी चिखल्याच्या खाणीत कामाला गेला होता. रजिस्टरात लिहिलं होतं: चार नंबर, रात्री रिकामी. त्यांनी तेच सांगितलं, गुंजननं तेच भरलं. वेबसाइटवर खोली दुपारी बारा ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारा अशी मिळते, हे तिला माहीत होतं. ते तिनं सांगितलं नाही, कारण जगात सगळीकडे तसंच असतं. वरठीत माणूस सहाला उठून जातो, हे केशवरावांनी सांगितलं नाही, कारण त्यांचं जग तेवढंच.

चार नंबरचा उरलेला भिडू म्हणजे नाकाडोंगरीचा अमर. नऊ वर्षं ठेक्यावर. क्रेन चालवायला शिकला होता आणि एक तारखेला पक्का होणार होता. क्रेनचा दांडा उजव्या हातात. हात थरथरला तर वरून वितळलेलं लोखंड कुणाच्या डोक्यावर जाईल, सांगता येत नाही. म्हणून हा मोटारसायकलसुद्धा त्या हाताला जपून चालवायचा. कुंताबाई चिडवायच्या, "हाताले हळद लावून ठेव रे बाप्पा, नवरीवानी."

"पक्का झालो का नवरीलेच आनतो काकू. मंग खोली घेतो, आतून कडीवाली."

शनिवारी पहिलं बुकिंग आलं. नागपूरचा प्रविण आणि त्याची बायको राखी, लग्नासाठी. केशवराव स्टेशनापर्यंत बॅग आणायला गेले.

"अमरले सांगतलं का?" कुंताबाईंनी विचारलं.

"सांगाचं काय त्याच्यात? तो यिन तवरिक पाव्हना उठून गेला असन."

रविवारी पावणेआठला रात्रपाळी सुटून आली. केशवराव पाहुण्यांसाठी गरम आलुबोंडे आणायला गेले होते, कुंताबाई मागे चुलीशी होत्या. अमर काजळीनं काळा, डोळे लाल. हेल्मेट मोटारसायकलवर अडकवलं, चावी काढून दार उघडलं, नऊ वर्षांच्या सवयीनं बंद खोलीच्या अंधारातच बूट काढले आणि मच्छरदाणी वर करून आडवा झाला. राखीच्या अंगावर.

किंकाळी मी स्टँडवर ऐकली.

प्रविणला काय दिसलं असेल? बंद खोलीत, बायकोच्या उरावर, एक काळा माणूस. त्यानं मच्छरदाणीचा दांडा उपटला. गुंजननं शोभेसाठी आणलेला, पण शोभेपेक्षा मजबूत निघाला. मी रस्ता ओलांडेपर्यंत सात फटके मोजले. पहिला पाठीवर. दुसरा कानावर, कान फाटून लोंबला. अमरनं डोकं वाचवायला उजवा हात वर धरला, आणि पुढचे पाचही त्याच हातावर पडले. हाड मोडल्याचा आवाज ओल्या लाकडासारखा येत नाही, वाळक्यासारखा येतो.

"माई खोली हाये! भाऊ, माई खोली!" तो ओरडत होता.

मग बाकीचे पाच पाळीवाले बनियनवर धावले. त्यांना आपला माणूस रक्तात दिसला, पुढचं त्यांनी विचारलं नाही. प्रविणला केसांना धरून उंबऱ्यावर आपटलं. समोरचे दोन दात माझ्या चपलेशी आले. एकानं बरगड्यांत लाथा घातल्या, दुसऱ्यानं तोच दांडा उचलला. राखी मच्छरदाणीत गुंडाळून ओरडत होती.

आलुबोंड्यांचा पुडा घेऊन केशवराव दारात आले. "पाव्हना हाये! अबे, पाव्हन्याले मारू नोका! ऑनलाइन आला हाये!"

कुणी ऐकलं नाही. कुंताबाई धावत आल्या आणि पडलेल्या प्रविणवर सरळ आडव्या झाल्या. एक लाथ त्यांच्या कमरेत बसली, तेव्हा पाय थांबले.

"मारा ना," त्या म्हणाल्या. "मलेच मारा. भाकरी खाता ना माई?"

प्रविणला टाके पडले अकरा. तक्रार कुणीच केली नाही. त्याला वाटलं आपण निर्दोष माणसाचा हात मोडला, पाळीवाल्यांना वाटलं आपण निर्दोष माणसाचे दात पाडले. दोन्ही बरोबर. दवाखान्यात अमरची मूठ उघडायला डॉक्टरला वेळ लागला. आत चावी होती, मांसात रुतलेली. मनगट तीन जागी मोडलेलं. "जड काम नाही जमणार आता," डॉक्टर म्हणाला. अमरनं क्रेनचं विचारलं. डॉक्टरनं नकारार्थी मान हलवली.

दुपारी कुंताबाईंनी त्याला ऑटोतून परत आणलं. केशवराव काउंटरवर मोबाइल घेऊन बसले होते. चेहऱ्यावर दुःख होतं, मी नाही म्हणणार नाही. पण मोबाइल वाजला होता.

"अमर, बाबू," ते म्हणाले, "लय वाईट झालं. पन ते चाबी देजो. संध्याकाळी दुसरा पाव्हना येऊन राहिला. तू हालमंधी झोप, मी गादी टाकून देतो."

अमरनं डाव्या हातानं खिसा चाचपला. देणारच होता तो.

वाकडा झालेला दांडा भिंतीशी टेकवलेला होता. कुंताबाईंनी तो उचलला आणि काहीही न बोलता नवऱ्याच्या उजव्या हातावर मारला, काउंटरवर रजिस्टरशेजारी पसरलेल्या हातावर. केशवराव खुर्चीसकट मागे पडले. त्यांच्या बत्तीस वर्षांच्या संसारात मी त्या बाईचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. तेव्हाही चढला नाही.

"लिवा आता," त्या म्हणाल्या. "चार नंबर, रात्री रिकामी. लिवा."

केशवरावांची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. रजिस्टर कुंताबाई लिहितात. वेबसाइट चालू आहे, पाच नंबरला कधीमधी पाहुणा येतो, त्या दाराला आतून कडी बसवली आहे. चार नंबर तिथे दिसत नाही.

त्या खोलीत आता एकच खुंटी आहे, एकच उशी. पलंग अजूनही कधी गार होत नाही. अमरला आता कुठल्याच पाळीला जायचं नसतं.