पाचवी पुडी

रुपाकडून पुड्या बांधून घेण्यात गोदावरीबाईंचा फायदाच फायदा होता. आखडलेल्या बोटांना आराम, धाकटी सून दुपारभर डोळ्यांसमोर गप्प बसलेली, आणि जिवतीला कुंकू लावून घ्यायला आलेल्या बायांना ‘आमची सून किती वळणाची’ हे न बोलता सांगून झालेलं. तोटा त्यांच्या हिशेबातच नव्हता.

अड्याळच्या त्या घरात मुलग्यांच्या नाळा जपून ठेवत. वाळून गळालेली नाळ कापसात, कापूस कोऱ्या कागदात, कागद देवघरातल्या पितळी डब्यात. दर वर्षी जिवतीला, आषाढी अवसेला, कागद बदलायचा. डब्यात चार पुड्या होत्या: वारलेल्या सासऱ्यांची, थोरल्या हेमराजची, रुपाच्या नवऱ्याची म्हणजे खुशालची, आणि हेमराजच्या पोराची. पुडीवर नाव लिहायचं नाही. नाव दिसलं की नजर लागते. कोणती कोणाची, ते मांडलेल्या क्रमावरूनच ओळखायचं. मुलीची नाळ मात्र घरामागच्या सांदवाडीत केळीखाली पुरायची.

चार महिन्यांपूर्वी रुपाच्या लेकीची, टीनाची नाळ गळाली तेव्हा गोदावरीबाईंनी ती रुपाच्याच हातात देऊन खुरप्याकडे बोट दाखवलं होतं. रुपानं केळीखाली खड्डा केला आणि तसाच बुजवला. नाळ काजळाच्या रिकाम्या डबीत राहिली.

आज ती कागद घेऊन बसली. दोन्ही कडा आत, वरून तिरकी दुमड, खालचं शेपूट वरच्या खिशात खोचलं की झालं. ना दोरा, ना डिंक. तिची पुडी फाडल्याशिवाय उघडत नसे, आणि पुढच्या जिवतीआधी पुडी फाडली तर त्या माणसाचं आयुष्य कमी होतं, असं खुद्द गोदावरीबाईच सांगत आलेल्या. त्या ओसरीत बायांकडे गेल्या तेवढ्यात रुपानं एका मापाच्या पाच पुड्या केल्या, डब्यात टाकल्या आणि डबा चांगला हलवला.

सासूबाईंनी परत येऊन झाकण काढलं.

“चारच्या पाच कशा झाल्या वं?”

“टीनाची ठेवली, आत्याबाई.”

ओसरीतल्या गप्पा थांबल्या. गोदावरीबाईंनी आवाज खाली आणला. “काढ ते.”

“कोणती? मले बी नाही समजून राहिलं. डबा हालवला ना मी. तुमीच काढा.”

“डोस्कं फिरलं काय तुयं?”

हेमराज आत आला. “एवढ्यासाठी कायले वाद? एक उचल अन् पुर केळीखाली.”

“तुयीच निघाली तं?” गोदावरीबाई म्हणाल्या.

हेमराजचा हात आपोआप बेंबीवर गेला. मग त्याला एकदम मोटारसायकल पुसायची आठवण झाली.

संध्याकाळी खुशाल वरठीच्या कारखान्यातून आला. मायनं डबा त्याच्यासमोर आदळला. “तुयी बायको आयकत नाही. तूच सांग तिले.”

खुशालनं आत पाहिलं. एक पुडी त्याची होती, एक लेकीची. कोणती कोणती ते त्यालाही कळेना.

“राहू दे ना, माय.”

लग्नाच्या सहा वर्षांत त्यानं बायकोच्या बाजूनं काढलेले हे पहिले शब्द. रुपाला ते जरा आखूड वाटले, पण तिनं ठेवून घेतले.

“पुढच्या जिवतीले पायतो मी,” गोदावरीबाई म्हणाल्या.

“पाहा ना. तवरिक टीना चालून राहीन. आपली पुडी आपणच दाखवीन.”

किंमत ज्यानं त्यानं मोजली. हेमराज पंधरा दिवस देवघराकडे पाठ करून जेवला. खुशालशी माय पोळ्यापर्यंत बोलली नाही. रुपाचं राखीला पवनीला माहेरी जाणं रद्द झालं, तिनं भावाला फोन केला, “तूच ये, भाचीले पाहून जा.” आणि गोदावरीबाईंना रोज सकाळी डब्यापुढे मेलेल्या नवऱ्यासाठी हात जोडताना नातीलाही जोडावे लागले, कारण नेमकं कोणाला वगळायचं ते ठरेना.


टीनाकडून मात्र कोणाला कसलीच किंमत घेता आली नाही.