नाव कुठे घेतलं?

मी रेकॉर्डर बोलतोय. मूठभर देह, एक कान आणि एक बटण. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकून घेतलं. आज जरा माझं ऐका.

कारखान्यातून दुकानात आणि दुकानातून मानसशास्त्राच्या सरांच्या टेबलावर, एवढाच माझा प्रवास. जवळचं माणूस गमावलेल्या तरुणांवर सर संशोधन करत होते. अशी पोरं शोधायला लांब कशाला जायचं? वर्ग होताच की हाताशी.

एका दुपारी त्यांनी ‘घुमी’ला बोलावलं. वर्गात क्वचितच बोलायची, तेही दर वेळी “म्हणजे बघा” करत अडखळायची, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. तिचा थोरला भाऊ आदल्या वर्षी गेला होता.

“इच्छा असेल तरच हं,” सर म्हणाले.

“आणि नाही म्हटलं तर, सर?”

“तर काय, काही नाही.” सर हसले. “तोंडी परीक्षेला भेटूच आपण.”

ती बराच वेळ नखं कुरतडत बसली. मग “बरं” म्हणाली. तेव्हा कुठे सरांनी माझं बटण दाबलं.

“स्वखुशीनं बोलतेयस ना?”

“हो सर.”

परीक्षेचं बोलणं बटणाआधीचं; माझ्यात उरला तो फक्त हा होकार.

“म्हणजे बघा सर...” दर वाक्याला अडखळत तिनं सांगितलं. दादाला अपघात झालाच नव्हता. त्यानं स्वतःहून जीव दिला होता. “आई सगळ्यांना अपघातच सांगते. हे बाहेर जायला नको, सर.”

“अगं, माझ्यावर विश्वास नाही का?”

महिन्याभरानं सरांनी मला वर्गात नेलं. मुलाखत कशी घ्यावी याचा नमुना म्हणून, नाव तेवढं कापून, तिचं बोलणं ऐकवलं. “म्हणजे बघा” ऐकताच सगळ्या माना मागच्या बाकाकडे वळल्या. घुमी उठली, दप्तरही न घेता गेली. गेली ती गेलीच.

दप्तर न्यायला तिची आई आली.

“सर, पोर खोलीतून बाहेर येत नाही. शेजारीपाजारी कुजबुजतात.”

“ताई, आम्ही तिचं नाव कुठे घेतलं?”

“आवाज तर तिचाच होता ना?”

सर कागद चाळू लागले. आई दप्तर पोटाशी धरून निघून गेली.

आता सर विभागप्रमुख झालेत. मी त्यांच्या हाताखालच्या मॅडमकडे आलोय; झाकण सैल, आवाज घोगरा. मॅडम पोरांना जीव लावतात. आत्ता त्याच संशोधनासाठी त्यांच्यापुढे त्यांचाच एक विद्यार्थी बसलाय.

“बोलशील ना रे?” त्या विचारतायत. त्यानं खाली बघत मान डोलावलीय.

मॅडम, त्याचे गुण तुमच्या हातात आहेत. तो नाही म्हणेल कसा? तुमच्या वर्गाबाहेरचं दुसरं कुणी शोधा. या पोराला जाऊ द्या.